हॅकेथॉन झाली, पेपरात फोटो आला, मग माणसं कुठं गेली? (पूरनकाशा, प्रयत्न दुसरा)

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं (बाहेरच्यांसाठी: ४० ला इशारा, ४५ ला धोका), तेव्हा आम्ही चार दिवस वरच्या मजल्यावर होतो. त्या चार दिवसांत प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: कुठल्या गल्लीतून बाहेर पडता येतंय? उत्तरं व्हॉट्सॲपवर येत होती, निम्मी कालची, निम्मी कोल्हापूरची. २०२१ च्या जुलैत परत तेच. तेव्हा ठरवलं, आपण काहीतरी करायचं. मी एका कारखान्यात ईआरपी (हिशेब, साठा वगैरेचं सॉफ्टवेअर) सांभाळतो, थोडंफार कोड येतं, ओळखी आहेत.

मागच्या वर्षी जानेवारीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही हॅकेथॉन घेतली (म्हणजे संघांनी सलग बसून एखाद्या प्रश्नावर ॲप वगैरे बनवायचं). विषय पूर. शनिवार सकाळ ते रविवार दुपार, मधली रात्र जागून. ६४ पोरं, ११ संघ, पहिलं बक्षीस २५,००० रुपये. पोहे, मिसळ, रात्री दोनला भडंग. उत्साह असा की शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकदम लॅपटॉप लावले आणि हॉलचा एमसीबी पडला.

हाती आलं काय? ११ संघांची ११ ॲप्स. त्यातल्या नऊंना लॉगिन. म्हणजे छपरावर बसलेल्या माणसानं आधी ओटीपी टाकायचा! तरी त्यातल्या एका संघाचा नकाशा खरंच चांगला होता, निवारा केंद्रं, उंच रस्ते वगैरे. तो आम्ही संकेतस्थळावर चढवला. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) एका पोराच्या नावावर, पैसेही त्याच्याच कार्डावरून. त्याला बेंगळुरूला नोकरी लागली, नूतनीकरणाचा मेल कुणी वाचला नाही, आणि आता त्या पत्त्यावर रमीची जाहिरात दिसते.

ग्रुपवर ७१ जण होते. आता ४० आहेत, त्यातले बोलणारे पाच, आणि त्या पाचांतले दोघं फक्त सुप्रभातची फुलं टाकतात.

येत्या फेब्रुवारीत परत घ्यायचं घाटतंय. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा: नियोजनात काय बदलू? आणि मुख्य म्हणजे नंतर माणसं टिकवायची कशी? कृपया "हॅकेथॉन म्हणजे लग्न, खरा संसार नंतर" ही उपमा नको. ती आमच्या समारोपाच्या पाहुण्यांनी वापरून झालीय.

---

कोरडा_शेरा

रमीच्या साइटला तरी पुरात लॉगिन लागत नसेल.

---

नकाशावेडा

धागा काढलात ते बरं केलंत. पुण्यात ओपनस्ट्रीटमॅपसाठी (लोकांनी मिळून केलेला, सगळ्यांना खुला नकाशा) छोटेमोठे मेळावे घेतो, त्या अनुभवावर लिहितोय.

तुमचा क्रम उलटा आहे असं मला वाटतं. हॅकेथॉन घ्यायची म्हणजे समूह तयार होईल, असं धरून तुम्ही चाललात. हा शब्द रूढ झाला १९९९ च्या जूनमध्ये. ओपनबीएसडी या खुल्या संगणकप्रणालीचे दहा जण कॅनडात कॅलगरीला जमले, कारण अमेरिकेत बसून सांकेतिकीकरणाचं (एन्क्रिप्शनचं) काम केलं तर तिथले निर्यातीचे कायदे आड येत होते. ना बक्षीस, ना परीक्षक. ते दहा जण आधीपासून एकाच कोडवर काम करत होते, एकमेकांच्या चुका मेलवर काढत होते. समूह आधी होता, भेट नंतर झाली. आपण नुसता शब्द उचलला आणि त्याला ट्रॉफी लावली.

दुसरं उदाहरण हैतीचं. १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचा, पोर्तोप्रँसचा, धड नकाशा नव्हता. जगभरातल्या शेकडो लोकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत रस्ते गिरवले आणि बचाव पथकांनी तो नकाशा जीपीएसवर वापरला. नवीन ॲप कुणी काढलं नाही. पाच वर्षं चालू असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्येच सगळ्यांनी भर घातली. त्याच वर्षी त्यातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली.

त्यांची कामाची पद्धत बघा. टास्किंग मॅनेजर नावाचं साधन आहे, ते सगळा भाग चौकोनांत कापतं. तुम्ही एक चौकोन उचलायचा, तो तुमच्या नावावर कुलूपबंद होतो, काम करून सोडायचा, मग दुसरा कुणीतरी तो तपासतो. अर्धवट सोडलात तरी बिघडत नाही, पुढचा तिथून उचलतो. खो-खोच आहे तो! तुमच्या ११ ॲपमध्ये खो द्यायची सोयच नव्हती. पोरगं बेंगळुरूला गेलं की डाव संपला.

म्हणून माझा हट्ट: यंदा नवीन ॲप बंद. सगळी माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये. तिथं डोमेनचं भाडं तुम्हाला भरायचं नाही, आणि ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला की नेटवर्क गेल्यावरही दिसतो. पुरात पहिलं काय जातं, तर टॉवर.

एक सूचना आत्ताच: गुगल मॅप्समध्ये बघून नावं उतरवू नका. परवान्यात बसत नाही, सगळं काढून टाकावं लागतं.

---

सर_संगणकवाले

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वरचं सगळं आदर्शवादी आहे. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही म्हटलं तर हॉलमध्ये तुम्ही, मी आणि चहावाला. विद्यार्थ्यांना रेझ्युमेवर ओळ हवी असते, त्यात वाईट काय? केंद्र सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून चालू आहे, तिथं पोरं ३६ तास जागतात ती बक्षीस आणि नाव यांसाठीच. आणि त्यातून चांगली पोरं घडतातही.

---

कोरडा_शेरा

सर, २०२० चं हॅक्टोबरफेस्ट (ऑक्टोबरभर खुल्या कोडच्या प्रकल्पांना हातभार लावायचा उपक्रम) आठवतंय का? चार पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेले बदल) केल्या की टी-शर्ट. लोकांनी काय केलं, दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या रीडमीमध्ये (माहितीच्या पानात) "अमेझिंग प्रोजेक्ट" एवढं घालून पाठवलं. प्रकल्प सांभाळणारे कचरा काढता काढता रडकुंडीला आले, शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले: ज्याला हवं त्याच प्रकल्पानं भाग घ्यायचा. २०२३ ला तर टी-शर्टच बंद केला. फुकट वाटलेल्या कापडाला आपल्याकडचे पण भरपूर हात लागले होते, हे लिहायला बरं वाटत नाही.

---

मुद्रितशोधक

मी कोडवाली नाही, निवृत्त ग्रंथपाल आहे. मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या भावंडाचं मोफत ग्रंथालय) जुनी पुस्तकं तपासते. पण प्रश्न माणसं टिकवायचा आहे, तर दोन शब्द.

आमच्याकडे पुस्तकाचं प्रत्येक पान वेगळं असतं आणि त्याला रंग असतो. न तपासलेलं तांबडं, एकानं तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्यानं परत तपासलं की हिरवं. स्वतःचं पिवळं पान स्वतः हिरवं करता येत नाही. एवढ्या एका नियमामुळे कुणीतरी आपलं काम वाचतंय हे कळतं. माझी पहिली पन्नास पानं ज्या बाईंनी हिरवी केली त्यांना मी अजून पाहिलेलं नाही. पण त्यांनी एकदा "ताई, तुमचे अनुस्वार सुटतात" असं लिहिलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पानं करते म्हणा ना. एक पान पंधरा-वीस मिनिटांचं. वाटाणे सोलताना उठून केलं तरी चालतं.

आम्ही एका वाचनालयात कार्यशाळा घेतली होती, तेव्हा फजिती झाली ती सांगते. विकिपीडियाच्या प्रकल्पांवर एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. पंचवीस बायका आलेल्या. सातवीला चूक दाखवायला लागलं, ती म्हणाली माझाच फोन खराब आहे, आणि ओशाळून मागे जाऊन बसली. ती पुन्हा आली नाही. आधी अर्ज केला तर मर्यादा वाढवून मिळते, नाहीतर घरूनच खातं उघडून यायला सांगायचं. कृष्णाकाठचे भाऊ, तुमच्या साधनाची अशी काही मेख आहे का, ते आठवडाभर आधी चार माणसं घेऊन करून बघा.

आणि रात्र जागवायचं खूळ सोडा. मुली कशा येतील?

---

तिसरा_बाक

मी त्या हॅकेथॉनमध्ये होते. त्या ६४ पैकी एक. दादा, तुम्हाला ओळखते, तुम्ही मला ओळखणार नाही.

मुद्रितशोधक काकू बरोबर बोलल्या. आमच्या हॉस्टेलचं फाटक साडेआठला बंद. आम्ही तिघी शनिवारी आठला निघालो, रविवारी सकाळी आलो तर संघातल्या मुलांनी रात्रीत सगळं बदललेलं. मग आम्हाला काम दिलं पीपीटीचं.

पण गेले ते त्यामुळे नाही. दोन गोष्टी सांगते.

एक. निवारा केंद्रांच्या यादीत नदीकडच्या एका रस्त्यावरची शाळा होती, ती माझी शाळा. तिचं पुढचं फाटक सखलात आहे, पाणी आलं की पहिल्यांदा तेच बुडतं. मागच्या बोळात दुसरं, लहान लोखंडी दार आहे, ते चार-पाच फूट उंचावर. २०१९ ला लोक तिथूनच आत गेले. नकाशावर शाळा म्हणजे नुसता ठिपका, आणि रस्ता दाखवत होता पुढच्या फाटकाचा. मी मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, हा डेटाचा विषय आहे, आत्ता डेमोकडे लक्ष द्या.

दोन. मंगळवारी मी ग्रुपवर विचारलं, "पुढे काय करायचंय? मी शनिवारी मोकळी असते." तीन दिवस कुणी उत्तर दिलं नाही. मग कुणीतरी सूर्यफूल टाकलं. मी बाहेर पडले.

---

कृष्णाकाठचा

ताई, आत्ता मागे जाऊन बघितलं. मेसेज आहे. मंगळवार, रात्री ९:१२. त्या दिवशी मी प्रायोजकाच्या पावत्या लावत बसलो होतो आणि उद्या उत्तर देऊ म्हटलं.

मनापासून माफी. दुसरं काही लिहायला नाही माझ्याकडे.

---

जर्सीकर

न्यू जर्सीहून, मूळ मिरजेचा. २०१८ च्या केरळच्या पुरात माझ्या मल्याळी सहकाऱ्यांबरोबर रात्री बसलो होतो. केरळरेस्क्यू हे संकेतस्थळ स्वयंसेवकांनी उभं केलं, त्याचा कोड सगळ्यांना उघडा होता. आलेल्या विनंत्यांमध्ये एकाच घराच्या पाच-पाच नोंदी, काहींना आधीच बाहेर काढलेलं. आम्ही फोन करून खात्री करायचो. त्यातली निम्मी पोरं मल्याळम संगणनाच्या गटांतून, कॉलेजांच्या संघटनांतून एकमेकांना आधीच ओळखत होती. कोण रात्री जागा असतो, कुणाला सर्व्हर येतो, हे विचारावं लागलं नाही. नकाशावेडा म्हणतात ते तिथं पाहिलंय.

उपग्रहचित्रावरून घरं, रस्ते गिरवायचं काम आम्ही इथून करू शकतो, चार-पाच जण नक्की. तुम्ही झोपता तेव्हा आमचा दिवस असतो. पण मागच्या बोळातलं दार उपग्रहाला दिसत नाही. ते तुम्हालाच.

---

नकाशावेडा

@तिसरा_बाक, तुझी पोस्ट वाचून माझ्या मोठ्या पोस्टमधला अर्धा भाग खोडावासा वाटला.

तुझ्या दाराला ओपनस्ट्रीटमॅपवर जागा आहे. शाळेचा ठिपका पुसून इमारतीची बाह्यरेषा काढायची, कुंपणावर दोन ठिकाणी फाटक नोंदायचं, आणि बोळ पायवाट म्हणून त्याला जोडायचा. जोडणं महत्त्वाचं, नाहीतर रस्ता शोधताना ॲप त्याला ओळखत नाही. दहा मिनिटांचं काम. लोक शाळेला वेगळ्या नावानं ओळखत असतील (चिंचेची शाळा, खालची शाळा असं काही), तर बोलीतल्या नावाचाही रकाना आहे, मराठी नावाचाही आहे. पुरात कुणी "जिल्हा परिषद प्राथमिक विद्यामंदिर क्रमांक अमुक" असं शोधत नाही.

---

वखारभागातला

उशिरा आलो. आमचं गणेश मंडळ आहे, कोडशी संबंध शून्य. तरी सांगतो, कारण हे सगळं आमच्याकडे बिनबोभाट चालतं.

पहिलं, विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी हिशेबाची बैठक. त्याच दिवशी फळा लागतो: वर्गणी इतकी, मांडव इतका, शिल्लक इतकी. दुसरं, पुढच्या वर्षीचा खजिनदार त्याच बैठकीत ठरतो, आणि जुना त्याच्याबरोबर एक वर्ष बसतो. पासबुक दोघांच्या सहीचं. तुमच्या डोमेनचं पासबुक एकाच्या सहीचं होतं, म्हणून बुडालं. तिसरं, नवीन पोरगं आलं की त्याला भाषण देत नाही, दोरी धरायला देतो. दुसऱ्या वर्षी तोच दुसऱ्याला दोरी देतो.

आणि कुणी यंदा नाही म्हटलं की नाही. टोमणे मारायचे नाहीत. टोमणे मारले की माणूस दोन वर्षांनी परत यायचा तोही येत नाही.

बोट चालवणारे आमच्या मंडळात दोघं आहेत. त्यांना विचारा काय पाहिजे ते.

---

कृष्णाकाठचा

दादा, विचारलं. काल दोघांना भेटलो, शिवाय एका गावच्या कोतवालांना आणि एका तलाठी मॅडमना. गेल्या वर्षी ११ संघ, सहा मार्गदर्शक आणि तीन परीक्षक होते, पण यांना विचारायला एकही गेला नव्हता. मी धरून.

बोटवाल्यांना हवंय: पाण्याखाली विजेच्या तारा, कुंपणं, गेटचे भाले कुठं आहेत ते. ब्रह्मनाळला २०१९ ला बोट उलटली तेव्हापासून बोट कुठं लावायची आणि कुठं नाही हे ते फार काटेकोर सांगतात. तलाठी मॅडमना ॲप नकोच आहे. त्यांना ए-थ्री आकाराचा छापील नकाशा हवाय, गावाचा, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट केलेला, मे अखेर हातात पडणारा. कोतवाल म्हणाले, शाळेची चावी कुणाकडं आहे ते लिहा, बाकी मला सगळं पाठ आहे.

चावीवाल्याचा आणि बोटवाल्याचा फोन नंबर नकाशावर टाकायचा का?

---

नकाशावेडा

अजिबात नाही. खासगी माणसाचा नंबर सार्वजनिक नकाशावर नको, वर्षानुवर्षं तिथं राहतो आणि कुणीही उतरवून घेतो. तो छापील कागदाच्या मागे, फक्त तलाठी कार्यालयाच्या प्रतीवर. आणि दर मे महिन्यात तो नंबर लागतोय का हे एकानं फोन करून बघायचं. बघा, हे झालं एक वार्षिक काम.

---

सर_संगणकवाले

मी माघार घेत नाही, पण एक मधला मार्ग सुचवतो. प्रमाणपत्र ठेवा, पण समारोपाला देऊ नका. हॅकेथॉननंतरचे तीन रविवार जो येईल त्याला तिसऱ्या रविवारी द्या, आणि त्यावर त्यानं नक्की काय नोंदलं ते लिहा. "सहभाग घेतला" असं लिहू नका. "अमुक गावातली १४ फाटकं आणि तीन पायवाटा" असं लिहा. अशी ओळ मी मुलाखतीला बसलो तर मला जास्त आवडेल. आमच्या विभागाची लॅब रविवारी मिळवून देतो, प्राचार्यांशी मी बोलतो. नेटबद्दल मात्र हमी नाही, ६० जणांनी एकदम उपग्रहचित्रं उघडली की आमचं वायफाय झोपतं. दोन-चार हॉटस्पॉट हाताशी ठेवा.

---

कोरडा_शेरा

सर, १४ फाटकांचं प्रमाणपत्र मला पण चालेल. मी माधवनगरला असतो, मोबाइल आहे, वेळ आहे, स्वभाव वाईट आहे. स्ट्रीटकम्प्लीट (ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालायचं ॲप) टाकून बघितलं आज. चालता चालता प्रश्न विचारतं, या रस्त्याला दिवे आहेत का, पृष्ठभाग कसला आहे. अकरा उत्तरं दिली. व्यसन लागेल असं दिसतंय.

---

मुद्रितशोधक

मराठी नावांचं शुद्धलेखन तपासायला मी आहे. बुधवारी दुपारी तीन ते चार. दुसऱ्यानं लिहिलेलंच तपासणार, स्वतःचं नाही.

---

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. चार दिवस घरी आणि ऑफिसात हेच चाललंय, बायको म्हणाली धाग्यातच राहायला जा.

ठरलंय ते असं. फेब्रुवारीतली हॅकेथॉन आहे, पण दोन रविवार, सकाळी दहा ते पाच, रात्र नाही. ॲप नाही. रोख बक्षीस नाही. त्या २५,००० मधून छपाई आणि लॅमिनेशन होईल, हिशेबाचा फोटो ग्रुपवर. पाच गावं, तीच जिथं तलाठी-कोतवालांना आम्ही आधी भेटलो. खात्यांचे पासवर्ड तिघांकडे, त्यातली एक तिसरा_बाक (तिला विचारलं, हो म्हणाली). ग्रुप दोन: एक फक्त कामाचा, एक फुलांचा. कामाच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं तर त्या दिवशीच्या पाळीवाल्यानं रात्रीच्या आत उत्तर द्यायचं, "माहीत नाही, उद्या बघतो" एवढं असलं तरी. पाळीचा तक्ता केलाय, पहिला आठवडा माझा.

पण फेब्रुवारीची वाट न बघता काल रविवारी आम्ही आठ जण सरांच्या लॅबमध्ये बसलो. नऊ येणार होते, एकाच्या गाडीचं पंक्चर. जर्सीकरांच्या लोकांनी आदल्या रात्री दोन गावांची घरं गिरवून ठेवली होती, त्यात एका गोठ्याला दुमजली घर केलं होतं, ते तपासताना निघालं.

दुपारी सगळे चालत त्या शाळेवर गेलो. तिसरा_बाकनं बोळ दाखवला. लोखंडी दाराला गंजलेलं कुलूप आणि दारासमोर कुणाच्या तरी वाळूचा ढीग. तिनं तिथंच उभं राहून फोनवर फाटक नोंदलं, बोळ जोडला. कोरडा_शेरा यांनी पाच मिनिटं ढिगाच्या मालकाशी वाद घातला.

शिपाईमामांना चावी विचारली. ते म्हणाले, या दाराची चावी २०१९ पासून नाही, तेव्हा कुलूप तोडलं होतं, हे नवीन कुलूप मुख्याध्यापकांनी आणलं, त्यांची बदली झाली. आता उद्या शाळेत अर्ज द्यायचाय. मसुदा कुणी लिहून देईल का? सरकारी मराठी मला जमत नाही.

---

मुद्रितशोधक

देते. संध्याकाळपर्यंत.